ओस्वाल्ड राजाच्या मुलखात

शनिवार : हेक्सम आणि हेवनफील्ड

इंग्लंडच्या ईशान्येला, न्यूकॅसल शहरापासून दीड-दोन तासांच्या टापूत, सातव्या शतकातल्या एका राजाची जवळजवळ सगळी राजवट पायी-गाडीने फिरून बघता येते. ज्या माळावर रात्र काढून त्याने गादी मिळवली तो माळ, जिथून राज्य केलं तो किल्ला, साधूंना दिलेलं बेट, आणि त्याचं मस्तक जिथे पुरलं आहे ते कॅथेड्रल. राजाचं नाव ओस्वाल्ड. राजवट इसवी सन ६३४ ते ६४२, म्हणजे जेमतेम आठ वर्षं. इंग्लंडच्या जुन्या राजांमध्ये आपल्याकडे अल्फ्रेडचं नाव थोडंफार ऐकलेलं असतं, ओस्वाल्डचं कुणी ऐकलेलं नसतं. माझं मात्र या माणसावर फार दिवसांपासून मन जडलं आहे, आणि त्याचं कारण बीड नावाच्या आठव्या शतकातल्या साधूने लिहून ठेवलेला एक प्रसंग आहे. परक्या मुलखातून आलेला एक धर्मोपदेशक दरबारात बोलायला उभा राहायचा. त्याला इथल्या लोकांची भाषा धड येत नव्हती. तेव्हा राजा स्वतः त्याच्या शेजारी उभा राहून त्याचं एकेक वाक्य आपल्या सरदारांना त्यांच्या भाषेत सांगायचा. रणात राज्य जिंकलेला माणूस भरल्या दरबारात दुभाष्या होतो, हे मला आजही विलक्षण वाटतं.

माझा भाचा न्यूकॅसलला शिकतो. "मावशी, गाडी मी चालवतो, थांबायचं कुठे ते तू सांग," एवढ्या बोलीवर आम्ही निघालो.

पहिला थांबा हेक्सम, टाइन नदीकाठचं बाजाराचं गाव. इथलं ॲबी चर्च मोठं देखणं आहे, पण आम्हाला जायचं होतं त्याच्या पोटात. विल्फ्रिड नावाच्या बिशपने ६७४ च्या सुमारास इथे पहिलं चर्च बांधलं. वरची इमारत गेली, तळघर राहिलं. अरुंद दगडी पायऱ्या उतरून आत गेलं की हवा एकदम गार होते आणि दोन्ही खांदे भिंतींना लागतात. भिंतींचे दगड रोमन आहेत, जवळच्या कॉरब्रिजच्या रोमन वस्तीतून काढून आणलेले. एका दगडावर सम्राट सेप्टिमियस सेव्हरस आणि त्याच्या दोन मुलांचा लेख होता. त्यातलं धाकट्या गेटाचं नाव छिन्नीने खरवडून टाकलं आहे. थोरल्याने त्याचा खून केला आणि मग साम्राज्यभर त्याचं नाव पुसायचा हुकूम काढला.

नाव पुसण्याचा असाच एक उद्योग ओस्वाल्डच्या घराण्यातही झाला होता. तो कळायला आधी भाऊबंदकी कळायला हवी. हंबर नदीच्या उत्तरेला इंग्लिश लोकांची दोन राज्यं होती, वरचं बर्निशिया आणि खालचं डेइरा. बर्निशियाच्या एथेलफ्रिथने डेइरा घशात घातलं आणि तिथल्या राजकन्येशी, आखाशी, लग्न केलं. तिचा भाऊ एडविन परागंदा झाला. ६१६ मध्ये तो ईस्ट अँग्लियाच्या रेडवॉल्ड राजाची फौज घेऊन परतला. आयडल नदीकाठी एथेलफ्रिथ मारला गेला आणि दोन्ही राज्यं एडविनकडे आली. आता पळायची पाळी बहिणीच्या मुलांवर. त्यांतला ओस्वाल्ड तेव्हा बारा वर्षांच्या आसपास होता.

"म्हणजे कंसमामा!" भाचा म्हणाला. मामा खराच, पण ही भाचरं त्याच्या हाती लागली नाहीत. ती आजच्या स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, डाल रियाडा या आयरिश बोलणाऱ्या राज्यात पोचली. तिथल्या आयोना बेटावर संत कोलंबाने स्थापलेला मठ होता. ओस्वाल्डचा बाप्तिस्मा त्याच मुलखात झाला, भाषा तिथेच अंगवळणी पडली. वनवास सतरा वर्षांचा.

६३३ मध्ये हॅटफील्डच्या लढाईत एडविन पडला. त्याला हरवणाऱ्यांत एक होता वेल्स भागातल्या ग्विनेथचा ख्रिस्ती राजा कॅडवॉलन आणि दुसरा इंग्लंडच्या मधल्या भागातल्या मर्सियाचा पेंडा, जुन्या देवांना मानणारा. राज्याचे पुन्हा दोन तुकडे झाले. डेइरात एडविनचा चुलतभाऊ ऑस्रिक बसला, बर्निशियात ओस्वाल्डचा सावत्रभाऊ एनफ्रिथ. दोघांनीही ख्रिस्ती धर्म सोडला आणि दोघांनाही कॅडवॉलनने वर्षभरात संपवलं. बीड सांगतो की राजांची कालगणना ठेवणाऱ्यांनी एकमताने ठरवलं, या दोघांची आठवण नको, हे वर्षही ओस्वाल्डच्याच खात्यात घालायचं. म्हणून बीडच्या हिशेबात त्याची राजवट नऊ वर्षांची भरते.

दुपारी हेवनफील्डला गेलो. हेक्समच्या उत्तरेला थोड्याच अंतरावर जो रस्ता लागतो त्याला मिलिटरी रोड म्हणतात. १७४५ च्या जॅकोबाइट बंडानंतर फौजा आणि तोफा हलवता याव्यात म्हणून तो बांधला आणि बऱ्याच ठिकाणी तो थेट हेड्रियनच्या भिंतीवरून नेला. रोमन भिंत फोडून तिचीच खडी अंथरली. रस्त्याच्या कडेला एक उंच लाकडी क्रूस उभा आहे, अलीकडच्या काळातला. त्याच्या मागे कुरण, आणि कुरणापलीकडे झाडांच्या घोळक्यात सेंट ओस्वाल्डचं छोटं चर्च. मेंढ्या बाजूला होईनात, त्यांच्यातूनच वाट काढली.

रात्रीच्या मुक्कामाला ओस्वाल्डने ही जागा का निवडली असेल ते इथे उभं राहिल्यावर पटतं. उत्तरेला जमीन उतरत जाते आणि लांबवरचं दिसतं, दक्षिणेला पाठीशी रोमन भिंत. बीड म्हणतो त्याची फौज थोडी होती. आयोनाचा मठाधिपती ॲडम्नान याने सांगितलेली कथा आणखी एका कारणाने महत्त्वाची आहे. लढाईच्या आदल्या रात्री ओस्वाल्डला स्वप्नात कोलंबा दिसला, त्याचं डोकं ढगांना लागलेलं होतं आणि त्याच्या वस्त्राने जवळजवळ सगळी छावणी झाकली होती. ओस्वाल्डने पहाटे सल्लागारांना स्वप्न सांगितलं, आणि जिंकून आलो तर बाप्तिस्मा घेऊ असं सगळ्यांनी कबूल केलं. ॲडम्नान म्हणतो, हे मला माझ्या आधीच्या मठाधिपतीने, फाल्बेने सांगितलं. ओस्वाल्ड राजा सेगेने नावाच्या तेव्हाच्या मठाधिपतीला हे सांगत होता तेव्हा फाल्बे तिथे हजर होता. सातव्या शतकातल्या राजाच्या तोंडचं म्हणावं असं काही इतक्या थोड्या कानांमधून आपल्यापर्यंत येतं, हे दुर्मीळ आहे.

क्रुसाची गोष्ट बीडची. घाईघाईने लाकडी क्रूस केला, खड्डा खणला, आणि सैनिक माती लोटून तो पक्का करेपर्यंत राजाने स्वतःच्या दोन्ही हातांनी तो उभा धरला. मग पहाटे हल्ला. कॅडवॉलन पळाला आणि हेक्समच्या दक्षिणेला डेनिसेसबर्न नावाच्या ओढ्यापाशी मारला गेला. बीडच्या लेखी कॅडवॉलन हा बायकापोरांनाही न सोडणारा क्रूरकर्मा. वेल्श कवींनी मात्र त्याची स्तुतीगीतं रचली, त्यांच्यासाठी तो गेलेला मुलूख परत मिळवू बघणारा वीर होता. मला दोन्ही खरं वाटतं. पुढे लोक त्या क्रुसाच्या ढलप्या काढून पाण्यात घालायचे, ते पाणी आजारी माणसांना आणि जनावरांना पाजायचे. हेक्सममधल्या एका साधूचा बर्फावर घसरून मोडलेला हात क्रुसावरच्या शेवाळाने बरा झाला, असं बीड त्याच्या नावासकट सांगतो : बोथेल्म.

चर्चची आजची इमारत अठराव्या शतकातली. आत एक रोमन वेदी आहे, तिच्या माथ्यावर क्रूस बसवण्यासाठी खोबण पाडलेली. मी त्या खोबणीत बोटं घालून बघितली. ओस्वाल्डचा क्रूस हाच असा दावा कुणी करत नाही, पण रोमन देवाचा दगड, त्यावर ख्रिस्ताचा क्रूस आणि भोवती इंग्लिश मेंढपाळांचं कुरण, या मुलखाचा सगळा इतिहास त्या एका दगडात एकावर एक रचलेला आहे.

रविवार : येवरिंग

उत्तरेकडे वूलर गावापर्यंत गाडीने. वाटेत ऊन-पावसाचा खेळ, शेवियट टेकड्यांवर ढगांच्या सावल्या.

येवरिंगला बघायला काही नाही, आणि तरी मी तिथून लवकर हलले नाही. ग्लेन नदीकाठचं एक गवताळ पठार, मागे येवरिंग बेल ही टेकडी, फाटकाच्या खांबांवर कोरलेली बोकडांची डोकी. एवढंच. या गवताखाली नॉर्थम्ब्रियाच्या, म्हणजे बर्निशिया आणि डेइरा मिळून झालेल्या राज्याच्या, राजांचा वाडा होता. बीडने उल्लेख केला होता, जागा कुणाला सापडत नव्हती. १९४९ च्या कोरड्या उन्हाळ्यात विमानातून काढलेल्या छायाचित्रांत पिकांमध्ये गडद पट्टे दिसले आणि पुढे ब्रायन होप-टेलर यांनी इथे उत्खनन केलं. लाकडी दरबार सापडला, सुमारे २५ मीटर लांब. शिवाय एक अशी वास्तू सापडली जिला इंग्लंडात दुसरी जोड नाही : पाचरीच्या आकाराची, चढत्या बाकांची बैठक, रोमन रंगमंडलाचा एक तुकडा लाकडात उभारल्यासारखी. टोकाशी बोलणाऱ्यासाठी छोटा मंच. राजा तिथून बोलायचा आणि सगळ्यांना तो दिसायचा.

एडविनच्या काळात पॉलिनस या रोमहून आलेल्या बिशपने इथे छत्तीस दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांना उपदेश करून ग्लेन नदीत बाप्तिस्मा दिला. मग आग लागली. होप-टेलर यांच्या मते पहिली आग कॅडवॉलनची. वाडा पुन्हा बांधला गेला, म्हणजे बहुधा ओस्वाल्डच्याच काळात. त्या बैठकीच्या टोकाशी आयरिश साधू आणि शेजारी राजा असे दोघं उभे राहिले असतील का, हा विचार माझ्या डोक्यातून जात नव्हता. पुरावा नाही, पण जागा अगदी त्या कामासाठीच बांधल्यासारखी आहे.

वूलरमध्ये २०२३ साली ॲड गेफ्रिन नावाचं संग्रहालय उघडलं. तिथे दरबाराचा अंतर्भाग उभा केला आहे, त्या काळच्या वस्तू आहेत. मुलांना घेऊन जाणाऱ्यांनी आधी संग्रहालय बघावं आणि मग पठार, नाहीतर पठारावर मुलं कंटाळतील.

सोमवार : लिंडिस्फार्न

भाच्याने सकाळी उठल्याबरोबर विचारलं, "भरतीचं वेळापत्रक पाहिलंस ना?" लिंडिस्फार्नला जायचं तर दुसरा कुठलाही प्रश्न आधी नको. बेट मुख्य भूमीला एका रस्त्याने जोडलेलं आहे आणि दिवसातून दोनदा तो रस्ता समुद्राखाली जातो. रस्ता मोकळा असण्याच्या वेळा जाहीर होतात. तरी दरवर्षी कुणीतरी अडकतं. अशांसाठी पुलापाशी उंच खांबांवर एक पांढरी खोली बांधली आहे. वाळूतून पायी जायची जुनी यात्रेकरूंची वाटही आहे, ओळीने रोवलेल्या काठ्यांच्या आधाराने. आम्ही गाडीने गेलो आणि मग पायातलं काढून त्या वाटेने निम्मं अंतर उलट चालत गेलो. पावलं घोट्यापर्यंत गार चिखलात, दूर वाळूच्या पट्ट्यावर सील पडलेले, त्यांचा हुंकार थेट कानाशी आल्यासारखा.

गादीवर आल्यावर ओस्वाल्डने धर्मोपदेशक मागवला तो रोमकडून नाही, कँटरबरीकडूनही नाही. आयोनाकडून. जिथे तो वाढला तिथूनच. पहिला आला तो कडक होता. परत जाऊन त्याने तक्रार केली की ही माणसं हटवादी आहेत, काही ऐकतच नाहीत. मठातल्या बैठकीत एडन नावाचा साधू त्याला म्हणाला की तू अडाणी श्रोत्यांशी जरुरीपेक्षा कडक वागलास, आधी सौम्य शिकवण द्यायला हवी होतीस. सगळ्यांच्या नजरा एडनकडे वळल्या. ६३५ मध्ये तोच आला.

एडनची भाषा आयरिश, सरदारांची इंग्लिश. मध्ये ओस्वाल्ड. मला या प्रसंगात नम्रता तर दिसतेच, पण राजकारणही दिसतं. जो माणूस सतरा वर्षं बाहेर होता, ज्याचा बाप मारून मामाने राज्य केलं, त्याला आपल्याच सरदारांपुढे उभं राहून सिद्ध करायचं होतं की वनवासात मी काहीतरी मिळवून आलो आहे. परमुलखातली वर्षं त्याने लपवली नाहीत, चारचौघांत वापरली. बीड म्हणतो की पुढे त्याच्या सत्तेखाली चार भाषा बोलणारे लोक आले : ब्रिटन, पिक्ट, आयरिश, इंग्लिश. यात भक्ताची अतिशयोक्ती धरली तरी, दोन भाषांमधून सहज ये-जा करणारा राजा अशा मुलखाला लाभणं ही फार मोठी गोष्ट होती.

एडनने मागितलं हे बेट. आयोनासारखंच पाण्याने वेढलेलं, आणि तरी राजधानीच्या, बॅम्बराच्या, नजरेत. त्याने शाळा काढली, बारा इंग्लिश मुलं सुरुवातीला घेतली. तो पायी फिरायचा, वाटेत भेटेल त्याच्याशी बोलायचा. श्रीमंतांनी दिलेल्या पैशातून गुलामांना सोडवायचा. राजाकडे जेवायला बोलावलं तर एक-दोन साधूंना घेऊन जायचा, थोडं खायचा आणि उठायचा.

आज दिसतात ते प्रायरीचे, म्हणजे मठाचे, अवशेष बाराव्या शतकातले आहेत, तांबूस दगडाचे, वाऱ्याने झिजून मधाच्या पोळ्यासारखे झालेले. छत नाही, पण दोन खांबांमधली एक कमान तेवढी अजून हवेत ताणलेली आहे. एडनच्या काळातलं लाकडी सगळं गेलं. आठव्या शतकाच्या सुरुवातीला इथे लिहिलेली रंगीत शुभवर्तमानांची पोथी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. दहाव्या शतकात आल्ड्रेड नावाच्या धर्मगुरूने तिच्या लॅटिन ओळींच्या मध्ये बारीक अक्षरात इंग्लिश अर्थ लिहिला. शुभवर्तमानांचं आज हाती असलेलं सगळ्यात जुनं इंग्लिश रूप ते हेच. ७९३ मध्ये वायकिंग आले, त्याबद्दल इथे सगळीकडे लिहिलेलं आहे, म्हणून मी इथे लांबवत नाही.

दिवसाची गर्दी पाणी चढायच्या आत निघून गेली. आमचा मुक्काम बेटावरच होता. जून महिना, साडेनवानंतरही उजेड. प्रायरीमागच्या खडकाळ टेकाडावर चढलो, त्याला द ह्यू म्हणतात. दक्षिणेला पाण्यापलीकडे बॅम्बराचा किल्ला स्पष्ट दिसत होता. राजा आणि साधू एकमेकांच्या घराचे दिवे बघू शकतील इतके जवळ होते, आणि मध्ये समुद्र होता म्हणून एकमेकांच्या अंगणात नव्हते. मला वाटतं एडनने जागा फार विचाराने मागितली.

मंगळवार : बॅम्बरा

किल्ला लांबून बघितला की छाती दडपते. काळ्या कातळाचा प्रचंड कणा समुद्रावर आलेला, खाली मैलभर पिवळी वाळू. मात्र आज दिसणारा बराचसा किल्ला विल्यम आर्मस्ट्राँग या तोफा आणि यंत्रं बनवणाऱ्या उद्योगपतीने १८९४ मध्ये विकत घेऊन पुन्हा उभा केलेला आहे. आतली दालनं, चिनी मातीची भांडी, चिलखतं आम्ही भराभर पार केली.

आम्हाला हवं होतं ते वायव्य टोकाला. तिथे कातळात एक खाच आहे, तिला सेंट ओस्वाल्ड्स गेट म्हणतात. ओस्वाल्डच्या काळी गडावर यायची वाट हीच. तिथे उभं राहिलं की खालचं गाव, बंदराची जुनी जागा आणि उत्तरेला लिंडिस्फार्न, तिन्ही एका नजरेत येतात. गडावर सापडलेल्या दगडी आसनाच्या हाताचा एक तुकडा आहे, त्यावर गुंफणीची नक्षी. ते राजाचं आसन असावं असं मानतात. शिवाय एक सोन्याची चिमुकली पट्टी, नखाएवढी, तिच्यावर कोरलेला प्राणी. एवढीशी वस्तू, पण रेष इतकी आत्मविश्वासाची की भाचा काचेला नाक लावून उभा राहिला.

इथे आठवते ती ईस्टरची गोष्ट. राजा आणि एडन जेवायला बसले होते. समोर चांदीचं ताट, त्यात पक्वान्नं. घास घ्यायच्या आत राजाचा एक माणूस आला. गरिबांची सोय बघणं हे त्याचं काम होतं. तो म्हणाला, बाहेर रस्त्यावर चारी बाजूंनी भुकेले लोक येऊन बसलेत. ओस्वाल्डने समोरचं सगळं जेवण त्यांना पाठवलं आणि ताट तोडून त्याचे तुकडेही वाटायला सांगितले. एडनने त्याचा उजवा हात हातात घेतला आणि म्हणाला, हा हात कधी नासू नये. बीडच्या काळापर्यंत तो हात चांदीच्या पेटीत, गडावरच्या सेंट पीटरच्या चर्चमध्ये, न कुजता होता अशी श्रद्धा होती. पुढे तो पीटरबरोच्या साधूंकडे गेला. त्यांच्या कॅथेड्रलमध्ये ओस्वाल्डच्या देवळीला लागून पहारा ठेवायचा मनोरा आजही आहे. सोळाव्या शतकात इंग्लंड रोमच्या पोपपासून फुटलं, त्या धर्मसुधारणेच्या धामधुमीत हात नाहीसा झाला.

राजाचा स्वभाव एवढाच होता असं मात्र म्हणता येत नाही, आणि हे बीडमुळेच कळतं. एडविन पडल्यावर त्याची राणी एथेलबर्ग केंटला माहेरी पळाली. तिने आपला लहान मुलगा आणि एडविनचा नातू, दोघांना समुद्रापार गॉलच्या, म्हणजे आजच्या फ्रान्सकडच्या, डागोबर्ट राजाकडे पाठवलं. कारण? आपला भाऊ एडबाल्ड आणि ओस्वाल्ड या दोन राजांची भीती. मुलं तिकडे बाळपणीच गेली. चांदीचं ताट तोडणारा ओस्वाल्ड आणि ज्याच्या भीतीने आईने लेकरू समुद्रापार धाडलं तो ओस्वाल्ड, माणूस एकच. स्वतः ओस्वाल्डला लहान वयात असंच पळावं लागलं होतं. बीड त्याला संत मानतो, तरी ही ओळ त्याने गाळली नाही, म्हणून माझा बीडवर विश्वास बसतो.

सोयरिकीतही तो तयार होता. ६३५ मध्ये वेसेक्सचा राजा किनेगिल्स बाप्तिस्मा घेत होता, तेव्हा ओस्वाल्ड त्याचा धर्मपिता म्हणून उभा राहिला आणि त्याच्याच मुलीशी लग्न केलं. सासरा एकाच वेळी धर्मपुत्र. दक्षिणेत पाय रोवायचा आणि मधल्या मर्सियाच्या पेंडाला दोन्हीकडून दाबायचा हा डाव होता.

दुपारी गावातल्या सेंट एडन चर्चमध्ये गेलो. एडन ६५१ च्या ३१ ऑगस्टला या जागी चर्चच्या बाहेरच्या लाकडी आधाराला टेकून बसलेला असताना गेला. पुढे चर्च दोनदा जळलं आणि ते लाकूड वाचलं असं बीड म्हणतो. बाप्तिस्म्याच्या कुंडावर छताजवळ एक फाटलेली तुळई दाखवतात, तीच ही, अशी परंपरा.

तळघरात आणखी एक गोष्ट आहे जिने मी हेलावून गेले. किल्ल्याजवळच्या वाळूच्या टेकड्यांत, बोल होल नावाच्या जागी, सातव्या-आठव्या शतकातलं कबरस्तान सापडलं. तिथल्या ११० माणसांच्या अस्थींचा अभ्यास करून २०१६ मध्ये त्या इथे छोट्या पेट्यांमध्ये पुन्हा विसावल्या. दातांवरून माणूस लहानपणी कुठलं पाणी प्यायला ते कळतं. त्यातले कितीतरी इथले नव्हतेच. आयर्लंडचे होते, स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्याचे, स्कॅन्डिनेव्हियाचे, काही तर भूमध्य समुद्राकडचे. जाळीच्या दरवाजातून त्या पेट्यांच्या रांगा दिसतात. या गडावर किती भाषा कानावर पडत असतील! दुभाष्या राजा इथे अपवाद नव्हता, गडाला साजेसा होता.

संध्याकाळी सीहाउसेस बंदरावर मासे आणि चिप्स. क्रास्टरचे धुरावलेले हेरिंगही घेतले. भाच्याला आवडले, मला धुराचा वास जास्त झाला.

बुधवार : जॅरो

न्यूकॅसलला परत. पाऊस. मेट्रोने जॅरोकडे गेलो, त्या मार्गावर एका स्टेशनचं नावच बीड आहे. कारखाने, गोदामं, टाइनचा चिखल, आणि मध्येच सेंट पॉल्स चर्च. त्याच्या अर्पणाचा कोरीव दगड भिंतीत आहे : २३ एप्रिल ६८५. पूर्वेकडचा भाग त्याच काळातला. बीड सात वर्षांचा असताना मठात आला आणि ६२-६३ वर्षांचा होऊन ७३५ मध्ये गेला, जवळपास सगळं आयुष्य इथेच. त्याने इंग्लिश लोकांचा धर्म-इतिहास ७३१ मध्ये पुरा केला, म्हणजे ओस्वाल्डच्या मृत्यूनंतर ८९ वर्षांनी. ऐकीव गोष्ट असेल तर कुणाकडून ऐकली ते तो सांगतो. त्या लहानशा चॅन्सेलमध्ये, म्हणजे वेदीजवळच्या भागात, बाकावर बसून मी एवढंच मनात म्हटलं, महाराज, तुम्ही नसतात तर यातलं काहीच नसतं.

गुरुवार : डरहॅम

डरहॅमच्या स्टेशनवर उतरताच खाली शहर आणि समोर कॅथेड्रल दिसतं, विअर नदीच्या वळणावर उंच बसलेलं. बांधकाम १०९३ ला सुरू झालं. आतले खांब अजस्र आहेत, त्यांच्यावर नागमोडी आणि चौकटीच्या खोल रेघा.

ओस्वाल्डचा शेवट ५ ऑगस्ट ६४२ चा. मासरफेल्थ नावाच्या ठिकाणी पेंडाने त्याला गाठलं. वेल्सच्या सीमेवरचं ओस्वेस्ट्री गाव ते हेच असं परंपरा मानते. ओस्वाल्ड अडतीस वर्षांचा होता. पडताना त्याने आपल्या सैनिकांच्या आत्म्यांसाठी प्रार्थना केली, अशी म्हणच पुढे पडली. पेंडाने त्याचं डोकं आणि हात तोडून खांबांवर टांगले. वर्षभराने धाकटा भाऊ ओस्वी शत्रूच्या मुलखात घुसला आणि ते काढून घेऊन आला. हात बॅम्बराला, डोकं लिंडिस्फार्नला.

८७५ मध्ये वायकिंगांच्या भीतीने साधूंनी लिंडिस्फार्न सोडलं, तेव्हा लिंडिस्फार्नचा एके काळचा बिशप संत कथबर्ट याच्या शवपेटीत ओस्वाल्डचं डोकंही होतं. वर्षानुवर्षं भटकंती, मग चेस्टर-ले-स्ट्रीट, आणि ९९५ ला डरहॅम. मुख्य वेदीच्या मागे चार पायऱ्या चढून गेलं की जमिनीत एक साधी शिळा आहे, तिच्यावर कथबर्टचं नाव. बाजूला एक जुना पुतळा उभा आहे. कथबर्टचाच, पण त्याचं स्वतःचं डोकं धर्मसुधारणेच्या काळात उडवलेलं, आणि हातात ओस्वाल्डचं मुकुटधारी डोकं शाबूत. मी तिथे टेकून बसले. शेजारी कुणीतरी मेणबत्ती लावून गेलं.

तिथल्या स्वयंसेवक आजोबांनी आपणहून सांगितलं की ओस्वाल्डचं डोकं आपल्याकडे आहे असं युरोपात इतरही ठिकाणी म्हणतात, जर्मनीत हिल्डेसहाइमला तर त्यासाठी सुंदर पेटी आहे. "खरं कुठलं?" भाच्याने विचारलं. आजोबा ठामपणे म्हणाले, "आमचं." मलाही इथलंच खरं वाटतं, कारण हे डोकं लिंडिस्फार्नहून इथवर कसं आलं त्याचा माग सलग लागतो.

पश्चिम टोकाला गॅलिली चॅपेलमध्ये बीडची काळ्या दगडाची कबर. जॅरोहून त्याच्या अस्थी १०२२ च्या सुमारास इथे आणल्या.

राहिलं धड. ओस्वीची मुलगी ऑस्थ्रिथ मर्सियाच्या राजाला दिली होती, पेंडाच्याच मुलाला. तिने काकाच्या अस्थी लिंडसी प्रांतातल्या बार्डनीच्या मठात पाठवल्या. गाडी संध्याकाळी दाराशी आली आणि साधूंनी दार उघडलं नाही. तो संत आहे हे त्यांना माहीत होतं. पण तो परक्या राज्यातला होता, त्याने आपल्यावर सत्ता गाजवली होती, आणि हा राग ते मेलेल्या माणसावरही धरून होते. रात्रभर अस्थी बाहेर तंबूत राहिल्या. त्यांच्यावर आकाशापर्यंत गेलेला प्रकाशाचा खांब सगळ्या प्रांताने पाहिला, म्हणून सकाळी त्याच साधूंनी दार उघडून विनवण्या केल्या, असं बीड सांगतो. पुढे ९०९ मध्ये मर्सियाच्या एथेलफ्लेडने त्या अस्थी ग्लॉस्टरला नेल्या.

प्रकाशाच्या खांबापेक्षा ते बंद दार मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ओस्वाल्डच्या राजवटीबद्दल जिंकल्या गेलेल्या लोकांनी दिलेली ही एकमेव साक्ष आहे, आणि ती त्याच्या सर्वांत मोठ्या भक्ताने नोंदवली. बार्डनीला आता मठाचे गवताने झाकलेले उंचवटेच उरलेत. लिंकनपासून ते काही फार लांब नाही. ईस्टरच्या सुट्टीत जाऊ, असं भाच्याने परतीच्या गाडीत स्वतःहून म्हटलं, आणि मोबाइलवर लिंकनच्या गाड्यांच्या वेळा बघायला लागला.